मुंढ्याचं माप

दुकान बंद असायचं त्या दिवशी कापायचं टेबल घराचं होई. एरवी त्यावर भाऊची मोठी कात्री, खडू, पट्टी आणि अर्धवट कापलेले तागे पडलेले असत. सुट्टीच्या दिवशी ते सगळं एका कडेला सारून ताटं मांडली जात. एवढं लांब टेबल असताना जेवायला दुसरं आणायचं कशाला, असं भाऊचं म्हणणं होतं आणि त्यावर आजवर कुणी वाद घातला नव्हता.

त्या दिवशी ताटं उचलली गेली, टेबल पुसून झालं आणि मास्तरीण आतून एक मोठा पांढरा कागद घेऊन आली. मास्तरीण म्हणजे भाऊच्या थोरल्या मुलाची बायको. शाळेत नववीला विज्ञान शिकवायची, म्हणून ती घरात आली त्याच आठवड्यात भाऊच्या धाकट्या मुलीनं तिला हे नाव दिलं होतं आणि ते चिकटलं होतं. तिनं कागद टेबलावर पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर कापड दाबायची लोखंडी वजनं ठेवली.

"माझ्या टेबलावर शाळा भरवू नकोस, सूनबाई," भाऊ म्हणाला.

"पाचच मिनिटं, बाबा."

"हिची पाच मिनिटं म्हणजे एक तास," थोरला म्हणाला. "मी फक्त जेवायला आलो होतो हं, आधीच सांगून ठेवतो."

"आणि तासानंतर गृहपाठ," धाकटी म्हणाली. ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. सत्तावीस वर्षांची, जिभेनं तिखट. "मास्तरीणबाई, तुला पोरं कॅन्सरबाई म्हणतात, माहितीये ना? परवा एक पोरगा फोन घेऊन आला होता, तो सांगत होता."

"माहितीये. तोंडावरच म्हणतात."

आत्या टेबलाच्या टोकाला, खिडकीच्या उजेडात बसली होती. भाऊची मोठी बहीण. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं दुकानाची बायकांची बाजू सांभाळली. हात रिकामा ठेवायची तिला सवय नव्हती. आत्ताही ती मऊ सुती कापडाच्या एका गोल पिशवीला हातानं टीप घालत होती. ज्या बाईचं ऑपरेशनमध्ये एका बाजूचा स्तन काढला जातो, तिला कपड्याच्या आत घालायला अशी उशी लागते. पहिली तिनं भावजयीसाठी शिवली होती. नंतर इस्पितळातली एक नर्स इतर बायकांना पाठवायला लागली. तीन वर्षांत अकरा झाल्या. ही बारावी.

मास्तरीण सांगत होती. महिनाभर तिनं नववीच्या वर्गात कॅन्सर शिकवला होता. तो काय असतो, कशानं वाढतो, काय टाळता येतं, घरात कुणाला झाला तर आपण कसं वागायचं. आता मुलांना घरच्यांजवळ बसून एक कागद भरायचा होता: तीन पिढ्या, कोण, कोणत्या वयात, कोणत्या आजारानं. मुलं म्हणाली, बाई, आधी तुमचं दाखवा.

"शहाणी आहेत पोरं," धाकटी म्हणाली आणि कागदावर वाकली. मग सरळ झाली.

कागदावर चौकटी होत्या. मधल्या ओळीत एका चौकटीत मास्तरणीच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: आई, एक्कावन्न वर्षं, स्तनाचा कॅन्सर.

या घरात तो शब्द कुणी पुरा उच्चारला नव्हता. आईचं ते, म्हणत. आईचं ते सुरू झालं तेव्हा. आईचं ते व्हायच्या आधी. भाऊनं चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर न लावता हातातच धरून ठेवला.

"वरची चौकट रिकामी आहे," मास्तरीण हळूच म्हणाली. "आजी कशानं गेल्या, बाबा?"

"पाठीच्या दुखण्यानं."

"पाठीच्या दुखण्यानं माणूस जात नाही."

"आमची आई गेली. काय करायचं ते कर."

आत्याची सुई थांबली. पण तेवढ्यात मास्तरीण तिच्याकडे वळली होती. "आत्या, तुमच्याकडेही एक काम आहे. शेवटच्या तासाला डॉक्टरीणबाई येणार होत्या, त्यांना जमत नाहीये. मुख्याध्यापक म्हणाले, दुसरं कुणी आण. तुम्ही या ना. ही उशी मुलांना दाखवा. पुस्तकात हे कुठेच नसतं."

"ताई शाळेत जाणार नाही," भाऊ म्हणाला.

"त्यांना विचारलंय मी, बाबा."

"आणि मी उत्तर देतोय. दुकान कशावर चालतं, ठाऊक आहे? माझ्या कापण्यावर नाही. माझ्यापेक्षा चांगलं कापणारे गल्लीगल्लीत आहेत. पडद्याआड ताई बायकांची मापं घेते. कुणाला खोक आहे, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, कुणी दोन महिन्यांची पोटुशी आहे आणि घरी सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांत त्यातलं एक अक्षर पडद्याबाहेर आलेलं नाही. आमच्या आईनं घालून दिलेला नियम आहे तो. बायका त्यासाठी येतात. उद्या ताई वर्गात उभी राहून उश्या दाखवायला लागली, तर परवा दुकानात कोण येईल?"

"मी कुणाचं नाव घ्यायला सांगत नाहीये."

"आणि शिकवून होणार काय?" धाकटी मध्येच म्हणाली. "घाबरवायचं नुसतं पोरांना."

"घाबरवत नाही गं. तंबाखूला हात लावू नका म्हणते. मुलींना लस आहे, ती घ्या म्हणते. अंगात काही वेगळं वाटलं तर गप्प बसू नका, सांगा म्हणते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, हेही सांगते. एवढंच." मास्तरीण जरा थांबली. "तुलाही तीन वर्षं तेच म्हणतेय. डॉक्टरांनी तुझं नाव घेऊन सांगितलं होतं, मुलीला लवकर तपासायला आणा. तू एकदाही गेली नाहीस."

"झालं सुरू."

"आजींनाही तेच असेल, तर दोन्हीकडून..."

"आईला काय दिसलं होतं गं?" धाकटीचा आवाज चढला. "सांग ना. तुझ्याच लग्नात पहाटेपासून उभी होती, सगळ्यांच्या आधी नाचली. आठवड्यानं म्हणाली काखेत दुखतंय. दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले पुढे गेलंय. आदल्या दिवशीपर्यंत काही नव्हतं! खूण नाही, दुखणं नाही. जे असं न सांगता येतं, ते तपासून कुणाला सापडणार? यायचं तेव्हा येईल. मी जाणार नाही, आणि हा विषय परत माझ्यासमोर काढायचा नाही."

तिनं पाण्याचा पेला उचलला. तो तोंडाला न लावताच तिनं परत ठेवला, हे टेबलाच्या टोकावरून आत्याला दिसलं. ही पोर हट्टी नव्हती. ती भ्यालेली होती, आणि त्या भीतीला टेकायला तिनं एक भिंत बांधली होती: आईला काहीच कळलं नव्हतं. ती भिंत आत्याच्या गप्प बसण्यावर उभी होती. खरं काय ते दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक आता नव्हती.

आत्यानं उशी मांडीवर ठेवली.

"पाठीचं नव्हतं ते," ती म्हणाली.

"ताई."

"नव्हतं, भाऊ. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. आईच्या छातीला मी पट्ट्या बांधायचे. जखम वाहायची. मग ते पाठीच्या मणक्यात उतरलं, तेव्हा तिला उठवेना, आणि लोकांना सांगायला पाठीचं दुखणं बरं पडलं. शेवटी आपणच ते खरं मानायला लागलो." ती मास्तरणीकडे वळली. "लिही. आजी, पंचेचाळीस."

मास्तरणीनं पेन उघडलं. तिचं लिहून व्हायच्या आतच आत्या पुढे बोलली, कारण थांबली असती तर परत तोंड उघडलं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आणि वहिनीला कळलं होतं. लग्नाच्या आधी."

मास्तरणीनं पेन कागदावरून उचललं.

"लग्नासाठी तिचा नवा कपडा मीच बेतला. कच्च्या टाक्यावर अंगात घालून बघायला बोलावलं. डावा मुंढा, बाही जोडतात तो घेर, काखेपाशी ओढत होता. मला वाटलं माझं माप चुकलं. हात वर कर म्हटलं, टेप काखेखालून घेतली, तर बोटाला गाठ लागली. कोटाच्या बटणाएवढी, पण बटण चपटं असतं, ही गोल. मी परत हात लावून पाहिला. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, वन्सं, दुखत नाहीये. महिनाभर आहे. लग्न होऊ दे, मग दाखवते. आत्ता कुणाला बोलू नका, घरात आनंद आहे. मी म्हटलं, बरं."

"बरं?" धाकटी म्हणाली.

"बरं म्हटलं. मुंढा अर्धा इंच सैल केला."

थोरला खुर्चीतून अर्धवट उठला होता तो परत बसला. "पण आत्या, कपडे बेतले तेव्हा लग्न तर दीड महिन्यावर होतं ना? दीड महिना म्हणजे..."

"साडेचार महिने," आत्या म्हणाली.

"लग्न पुढे गेलं होतं," मास्तरीण म्हणाली. तिचा चेहरा कागदाच्या रंगाचा झाला होता. "मीच पुढे ढकलायला सांगितलं होतं. शाळेच्या वार्षिक परीक्षा होत्या. पेपर तपासायचे होते."

थोरल्यानं आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"मी फक्त विचारलं होतं," मास्तरीण म्हणाली. "हट्ट केला नव्हता. जमेल का, एवढंच विचारलं होतं. एक फोन करायचा होता मला. मी दुसऱ्या दिवशी उभी राहिले असते लग्नाला. नोंदणी कार्यालयात राहिले असते. आत्या, मला का नाही विचारलंत?"

"मी वहिनीला म्हटलं होतं तसं. ती म्हणाली, पोरगी अजून घरात आली नाही, यायच्या आधीच तिच्या माथी आजारपण कशाला."

"म्हणजे माझ्या माथी नको म्हणून तुम्ही..." हातातलं पेन ती नुसती उघडत आणि मिटत राहिली.

"तिला सोड," थोरला बहिणीकडे बघून म्हणाला, कारण धाकटी मास्तरणीकडे बघत होती. "तिचा काय दोष?"

"मी तिला काही म्हणतेय का?" धाकटी उभी राहिली. "मी आईवर रागावले होते, आत्या. तीन वर्षं. कुणाला बोलले नाही. वाटायचं, कसली ही बाई, हिला स्वतःचं अंग कळू नये? आणि तिला कळलं होतं. तुला कळलं होतं. तू तिचं सगळं केलंस, उलट्या काढल्यास, रात्री जागलीस, आणि मी येईल त्याला सांगत सुटले की आमची आत्या नसती तर आमचं काय झालं असतं!"

"बाळा..."

"आजपासून माझ्या अंगाला तुझी टेप लावायची नाही," धाकटी म्हणाली आणि दुकानाच्या बाजूचं दार उघडून बाहेर गेली. तिच्या मागोमाग थोरला गेला.

भाऊ अजून चष्मा हातात धरून बसला होता. आता हा ओरडेल, असं आत्याला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी तिच्या शेजारी झोपत होतो, ताई," तो म्हणाला. "त्या दिवसांत ती कुशी बदलून झोपायला लागली. डाव्या अंगावर झोपेना. मी एकदा विचारलं. म्हणाली, उकडतं खिडकीच्या बाजूला. थंडीचे दिवस होते. मी म्हटलं, बरं."

त्यानं चारही वजनं कागदावरून उचलली, कागदाची गुंडाळी केली आणि ती सुनेच्या हातात दिली.

पुढचे तीन दिवस घर चालू होतं, पण बोलत नव्हतं. धाकटी सकाळी लवकर निघून जायची. मास्तरीण मीठ कुठंय, गॅस बंद केलाय का, एवढंच विचारायची. गिऱ्हाइकं येत होती. आत्या पडद्याआड जाऊन मापं घेत होती: खांदा, छाती, कंबर, बाही. मुंढ्याशी आली की तिची बोटं आपोआप आखडत. एका बाईनं विचारलंसुद्धा, बरं नाही का तुम्हाला. आत्या म्हणाली, संधिवात आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मास्तरीण शाळेतून परस्पर दुकानात आली आणि शिलाई मशीनसमोर उभी राहिली. पर्स खांद्यालाच होती.

"परवा सकाळी दहा वाजता. तास माझाच आहे."

आत्यानं मशीन थांबवलं. "अजून मी यायला हवीय तुला?"

"हो. पण नुसती उशी दाखवायला नाही. टेबलापाशी जे सांगितलंत ते सांगायला."

"पोरांसमोर?"

"पोरांसमोर. महिनाभर मी फळ्यावर लिहितेय, लवकर सांगा, लवकर दाखवा. ती वहीत उतरवून घेतात. परीक्षेत लिहितील, गुणही मिळवतील. पण कुणीतरी गप्प बसलं म्हणून काय झालं, हे त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. असं सांगणारं माणूस भेटतच नाही. तुम्ही आहात."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "मला शिक्षा करतेयस का गं?"

मास्तरणीनं खरोखरच विचार केला. "थोडीशी," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण मीही तिथेच उभी असेन. परीक्षांचं माझं मी सांगणार आहे."

भाऊ कापता कापता ऐकत होता. कात्री एका दमात कापडाच्या टोकापर्यंत नेऊन मग तो बोलला.

"जा, ताई. मापाची वही मात्र नेऊ नकोस. त्यात बाकीच्या बायका आहेत." कापलेले भाग त्यानं एकावर एक ठेवले. "आणि बायका यायच्या थांबल्या तर थांबू देत. मी पुरुषांच्या विजारी शिवीन. त्यांच्या पोटांखेरीज त्यांच्याकडे लपवायला काही नसतं."

त्या घरात चार दिवसांत कुणी केलेला तो पहिला विनोद होता. हसलं कुणी नाही, पण मास्तरणीनं पर्स खांद्यावरून खाली ठेवली.

वर्गात एक्केचाळीस मुलं होती. खोली अरुंद आणि लांबट; मागच्या बाकांपर्यंत आपला आवाज जाईल का, हीच आत्याला आधी काळजी वाटली. फळ्यावर मास्तरणीनं आधीच्या तासाचं अर्धवट पुसलेलं तसंच ठेवलं होतं. "या आमच्या आत्या," ती म्हणाली. "शिवणकाम करतात." आणि ती बाजूला, खिडकीला टेकून उभी राहिली.

आत्यानं पिशवीतून उशी काढली आणि ती कशासाठी असते ते सांगितलं. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा फिसकन हसला. त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं, मग तोही हसला.

"हसा, हसा," आत्या म्हणाली. "मी पहिली शिवली ती अशी वाकडी झाली होती, की जिच्यासाठी शिवली तीच हसली. म्हणाली, वन्सं, हे काय, एक उत्तरेला बघतंय आणि एक दक्षिणेला."

आता सगळा वर्गच हसला, आणि मग हसायचं उरलं नाही. उशी हातोहात फिरू लागली.

"एवढी जड का आहे?" एका मुलीनं विचारलं.

"आत बारीक दाणे भरलेत, तागडीत तोलून. एका बाजूचं वजन गेलं की तो खांदा वर चढतो, पाठ वाकडी होते. म्हणून गेलं तेवढं वजन परत द्यायचं."

"जिला झालाय तिची वापरलेली उशी हातात घेतली तर आपल्याला होतो?"

"नाही," खिडकीजवळून मास्तरीण म्हणाली. "हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही, जवळ बसून नाही. हे आपण तीनदा केलंय."

"बाई, मी नाही, ही विचारतेय."

"आजारी माणसाला भेटायला गेलं की काय बोलायचं?" हसलेल्या मुलानंच विचारलं. त्यानं उशी दोन्ही हातांत, सांडेल की काय अशी धरली होती. "मला सुचतच नाही. माझे काका आहेत आजारी. मी जातच नाही."

"बोलू नकोस," आत्या म्हणाली. "आमच्याकडे रोज चार जणी यायच्या. सगळ्या म्हणायच्या धीर धरा. त्या गेल्या की आमची वहिनी म्हणायची, एवढ्या आल्या, एकीनंही विचारलं नाही की चार भांडी घासून देऊ का. तू जा. काकांचा फोन चार्जिंगला लाव, पाणी भरून ठेव, बस. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील."

मुलगा मान हलवत राहिला. मग आत्यानं खुर्ची ओढली, कारण पुढचं तिला उभ्यानं सांगता येणार नव्हतं.

तिनं सांगितलं. मुंढा ओढत होता ते, बोटाला लागलेली गाठ, मनगट धरलेला हात. मी बरं म्हटलं, हे सांगितलं. ते साडेचार महिने कसे गेले तेही सांगितलं, जे तिनं घरातही सांगितलं नव्हतं: रोज सकाळी ती भावजयीच्या तोंडाकडे बघायची आणि भावजय तिच्याकडे बघून हळूच मान हलवायची, आहे तसंच आहे, वाढलं नाही. "आणि मला बरं वाटायचं. खरं सांगते, मला हायसं वाटायचं. वाढलं नाही म्हणजे काही नसेलच. आम्ही दोघी चांगल्या जाणत्या बायका. मी तर आमच्या आईच्या जखमा धुतलेल्या. मला कळत नव्हतं असं नाही."

खिडकीजवळून मास्तरणीनं तिचं सांगितलं. दोनच वाक्यं. लग्न पुढे ढकललं ते मी, मला माहीत नव्हतं.

शेवटून दुसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उठून उभी राहिली.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं, तर त्या जगल्या असत्या?"

मास्तरीण पुढे आली. "लवकर कळलं तर बरं होण्याची शक्यता पुष्कळ वाढते, हे आपण..."

"थांब," आत्या म्हणाली. "ती मला विचारतेय." तिनं मुलीकडे पाहिलं. "माहीत नाही, बेटा. कदाचित जगली असती. कदाचित नसतीही. मी डॉक्टरांना विचारलं होतं एकदा. ते भले गृहस्थ, म्हणाले असं सांगता येत नाही. माझं दुखणं तेच आहे. मी सांगितलं असतं आणि ती गेली असती, तर मी रडले असते आणि उठले असते. आता मला ते कधीच कळणार नाही. मरेपर्यंत नाही."

मुलगी खाली बसली. घंटा झाली तरी पहिल्या पाच-सहा मुलांना उठायला वेळ लागला. उशी पुढच्या बाकावरून परत आली. ती कुणीतरी रुमालात ठेवून दिली होती.

बाहेर लांबच लांब व्हरांडा होता. दुसऱ्या वर्गांतली मुलं धक्काबुक्की करत नळाकडे धावत होती. त्या गर्दीतून वाट काढत दोघी जिन्यापर्यंत आल्या. आत्या कठड्याला धरून उभी राहिली. मास्तरणीनं तिची पिशवी घेतली.

"धाकटीनं वेळ घेतलीय," ती म्हणाली. "उद्या सकाळी नऊची. काल रात्री मला येऊन सांगितलं. मी रजा टाकलीय, मी जातेय तिच्याबरोबर."

आत्यानं मान वर केली.

"तुम्ही येऊ नका म्हणाली."

खाली मैदानात कुणीतरी चेंडूसाठी भांडत होतं. आत्या ते ऐकत असल्यासारखी उभी राहिली. मग तिनं कठड्यावरचा हात काढला आणि कपड्याला पुसला.

"जातेय ना पण?"

"जातेय."

"मग नऊला जाऊ नका, आठला जा. खालच्या खिडकीवर रांग लावू नका, ती उशिरा उघडते. दुसऱ्या मजल्यावरची आधी उघडते, तिथे कागद दे. तपासायच्या खोलीत थंडी असते, तिला शाल दे. आणि तिला आत एकटीला सोडू नकोस. ती म्हणेल, मी जाईन, तू बाहेर बस. तरी सोडू नकोस. आजीचं सांग, आईचं सांग, दोन्ही सांग, त्यांनी विचारलं नाही तरी."

मास्तरीण ऐकत होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पर्समध्ये हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. लिहून घेते."